घण उचलण्याआधी: इंदूरच्या काळ्या मातीखालचा खडक जिओफिजिक्सने कसा वाचावा

बारा-तेरा वर्षांपूर्वी बायपासला लागून एका गोदामाच्या जागेवर आम्ही चार बोअर घेतले होते. चारही ठिकाणी साडेतीन-चार मीटरवर एसपीटीचे (हातोड्याच्या ठोक्यांनी नळी मातीत घुसवायच्या चाचणीचे) ठोके पन्नासच्या पुढे गेले, चमचा, म्हणजे ती नळी, खाली सरकेना. बोअरवाल्या मुकादमाने "हार्ड आ गया साब" म्हणत मशीन उचललं आणि मी अहवालात 'खडक' लिहून मोकळा झालो. पायाचे खड्डे उघडले तेव्हा तिसऱ्या बोअरचा 'खडक' जेसीबीच्या बकेटमध्ये अख्खा उचलून आला. पाण्याच्या पिंपाएवढा गोल धोंडा होता तो. त्याच्याखाली आणखी तीन मीटर मुरूम. पायाची खोली बदलली, आराखडे बदलले, मालकाचं तोंड आठवडाभर वाकडं होतं, आणि ते योग्यच होतं.

माळव्यात हे नवल नाही. आपल्या पायाखालचा बेसाल्ट साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाच्या एकावर एक थरांनी बनला. हा दगड भेगांमधून कुजत जातो आणि कांद्याच्या पापुद्र्यांसारखा सुटतो. बाहेरचे पापुद्रे मुरूम होतात, मधला गाभा टणक धोंडा म्हणून तसाच राहतो. बोअर हे चार इंची भोक. ते गाभ्यावर पडलं की खडक 'लागतो', दोन मीटर बाजूला पडलं की 'लागत नाही'. त्या दोन मीटरांत काय आहे ते बोअर सांगत नाही. ते सांगण्यासाठी जिओफिजिक्स आहे, म्हणजे न खणता वरून मोजून खालचे थर ओळखणं.

पण बोअरऐवजी जिओफिजिक्स, असा हिशेब करू नका. दर महिन्याला कुणीतरी विचारतंच, "मशीन लावून घेतलं की बोअर वाचतील ना?" वाचत नाहीत. एखाद-दुसरा कमी होईल, पण मुख्य म्हणजे उरलेले योग्य जागी पडतील.

आधी प्रश्न, मग यंत्र

यंत्र भाड्याने आणण्याआधी वहीत एक वाक्य लिहा: मला नेमकं काय कळायला हवं? 'जमिनीखाली काय आहे' हा प्रश्न नव्हे. खडकाचा माथा सात मीटरच्या आत आहे का आणि भूखंडभर सपाट आहे का, हा प्रश्न. टणक खडकाखाली मऊ थर लपलाय का, हाही. जुनी विहीर बुजवलेली आहे का, जनरेटरच्या पायाला जमिनीच्या कडकपणाची किंमत किती धरायची, सबस्टेशनच्या अर्थिंगसाठी मातीची रोधकता (वीज अडवण्याचा गुण) किती, खोदाई पोकलेनने होईल की ब्रेकर लागेल, हे सगळे वेगळे प्रश्न आहेत आणि प्रत्येकाची पद्धत वेगळी आहे.

सगळ्या पद्धतींचं मूळ मात्र एकच. जमिनीचा एखादा भौतिक गुण वरून मोजायचा आणि त्यावरून थर ओळखायचे. घणाच्या ठोक्याची लाट किती वेगाने धावते, वीज किती अडते, रेडिओलहर कुठून परतते. म्हणून ज्या दोन गोष्टी वेगळ्या करायच्या आहेत त्यांच्यात त्या गुणाचा ठळक फरक हवा. ओली काळी माती आणि ओला, पूर्ण कुजून चिकणमाती झालेला मुरूम विजेला जवळजवळ सारखेच दिसतात. तिथे रोधकतेचं यंत्र कितीही महागडं आणा, सीमारेषा पुसटच येणार.

आणि काही गोष्टी यातली कोणतीच पद्धत सांगत नाही. काळी माती किती फुगेल, हे मोजायला नमुना प्रयोगशाळेतच न्यावा लागतो. धारणक्षमता, म्हणजे जमीन किती भार पेलेल, तीही थेट मिळत नाही. लाटेच्या वेगावरून एसपीटीचा आकडा आणि त्या आकड्यावरून धारणक्षमता, अशी सूत्रांची माळ लावून देणारे अहवाल माझ्या टेबलावर येतात. ते मी बाजूला ठेवतो.

जागा पायी फिरा

यासाठी अर्धा दिवस ठेवा. आजूबाजूच्या विहिरी पाहा. इंदूरजवळच्या गावांत अजून उघड्या विहिरी आहेत आणि त्यांच्या भिंती म्हणजे फुकटात मिळालेला उभा छेदच. काळी माती कुठे संपते, मुरूम किती, मधे तांबड्या गेरूसारखा पट्टा दिसतो का, ते वाकून बघा. हा तांबडा थर दोन लाव्हांच्या मधे सापडतो, भूवैज्ञानिक त्याला रेड बोल म्हणतात. तो काही सेंटिमीटरचा असतो किंवा एक-दोन मीटरचाही. पाणी लागलं की लोण्यासारखा होतो. आपल्या भागात पायाचा खरा वैरी काळी माती नव्हे, हा आहे. काळी माती निदान समोर दिसते.

नाल्याचा जुना प्रवाह, गिट्टीची खाण, बोअरवेलवाल्याची आठवण, सगळं टिपा. शहराच्या आत काम असेल तर आधी जुने नकाशे. १९१८ मध्ये पॅट्रिक गेडिस यांनी होळकर दरबारासाठी इंदूरच्या नगररचनेचा मोठा अहवाल केला होता. त्या काळच्या शहराची ठेवण समजायला असं साहित्य उपयोगी पडतं. आणि म्हाताऱ्या माणसांशी बोला. लोकमान्य नगरात एका जागेवर शेजारच्या आजी गॅलरीतून म्हणाल्या, "तिथे कोपऱ्यात आमची विहीर होती हो, सासऱ्यांनी बुजवली." त्या एका वाक्याने आमच्या मोजणीच्या दोन रेषा हलल्या.

रेषा आखणे

धरा की इंदूरच्या निपानियाकडे ६० बाय ४० मीटरचा भूखंड आहे, तळघर आणि वर चार मजले. साधा नियम असा, की अपवर्तनाच्या पद्धतीत (घणाच्या ठोक्याची लाट खडकावरून किती वेळात येते ते मोजायची, पुढे येतेच) जितकी खोली पाहायची त्याच्या चार-पाच पट लांब रेषा हवी. ६० मीटरच्या रेषेने बारा-पंधरा मीटरपर्यंत नजर जाते. तळघराला तेवढं पुरतं. लांबीच्या दिशेने दोन आणि त्यांना कापणारी आडवी एक रेषा घ्या. जिथे रेषा एकमेकींना छेदतात तिथे दोन्हींचं उत्तर जुळलं पाहिजे. जुळलं नाही तर चूक बोअरच्या आधीच कळते. रस्ता, भिंत, लोखंडी कुंपण, पाण्याची पाइपलाइन यांच्या अगदी समांतर रेषा टाकू नका.

प्रत्येक खुंटीची पातळी लेव्हलने घ्या. हे काम कंटाळवाणं आहे आणि म्हणूनच लोक ते टाळतात. जमीन दीड मीटर उताराची असेल आणि पातळी घेतली नसेल, तर खडकाचा माथाही दीड मीटरने खोटा उतरतो.

घण आणि जिओफोन

सिस्मिक रिफ्रॅक्शन, म्हणजे अपवर्तन, ही आपल्या भागातली कामाची पहिली पद्धत. साधन सोपं आहे: आठ-दहा किलोचा घण, जाड पोलादी किंवा नायलॉनची पाटी, जमिनीची थरथर टिपणारे चोवीस जिओफोन आणि नोंदयंत्र. पाटीवर घण पडला की लाट निघते. थोडी सरळ मातीतून जाते. थोडी खाली उतरून खडकाच्या माथ्यावरून धावते आणि परत वर येते. खडकातली वाट लांब असली तरी रस्ता जलद आहे. घरून राजवाड्याला जाताना आपण जसा गल्ल्या सोडून रिंगरोड धरतो, तसंच. ठराविक अंतरापुढे खडकावरून आलेली लाट आधी पोहोचते.

भूखंड ६० मीटरचा असेल तर चोवीस जिओफोन अडीच-अडीच मीटरवर लावा, लांबी साडेसत्तावन्न मीटर होते. घणाच्या जागा दोन्ही टोकांना, मध्यावर आणि मधल्या दोन चतुर्थांशांवर. शक्य असेल तर दोन्ही टोकांच्या बाहेर दहा-पंधरा मीटरवरही. प्रत्येक जागी पाच ते दहा ठोके मारून त्यांची बेरीज करा. खरी लाट दर वेळी एकाच क्षणी येते, गोंगाट येत नाही. म्हणून बेरजेत लाट उठते आणि गोंगाट दबतो.

इथे आमच्या मातीचे नखरे सांगायला हवेत. एप्रिल-मे महिन्यात काळ्या मातीला मूठ जाईल एवढ्या भेगा पडतात. त्यावर जिओफोन टेकवला तर तो हवेत लटकतो आणि नोंद नुसती थरथरते. वरची वीतभर भुसभुशीत माती फावड्याने काढा, तळाला थोडं पाणी शिंपडा आणि खिळा कडक मातीत उभा रोवा. पाटीलाही तेच. पावसाळ्यात उलटं होतं. पाटी चिखलात रुतते आणि ठोक्याचा जोर तिथेच मरतो. माझ्या मते डिसेंबर ते फेब्रुवारी हा उत्तम हंगाम. वेळ पहाटेची, साडेपाच ते आठ. त्यानंतर एबी रोडवरचे ट्रक तुमच्या जिओफोनवर राज्य करतात. काम आटपून पोहे-जिलबी खायलाही ती वेळ बरी पडते.

नोंदीवर प्रत्येक जिओफोनपाशी लाट पहिल्यांदा कधी पोहोचली ते टिपायचं. मग आलेखात आडवं अंतर, उभा वेळ. सुरुवातीची रेघ उभट असते कारण मातीतला वेग कमी, पुढे ती मोडून सपाट होते. रेघेच्या उतारावरून वेग मिळतो. जिथे ती मोडते त्या अंतरावरून खोली काढायची: त्या अंतराचं अर्धं घ्या, दोन वेगांच्या वजाबाकीला त्यांच्या बेरजेने भागून वर्गमूळ काढा, आणि दोन्ही गुणा. वरचा वेग सेकंदाला ४०० मीटर, खालचा २०००, रेघ मोडली १५ मीटरवर, तर अर्धं साडेसात, वर्गमूळ सुमारे ०.८२, खोली सुमारे ६.१ मीटर. आता सॉफ्टवेअर टोमोग्राफीचं, म्हणजे रेषेखालच्या वेगांच्या छेदाचं, रंगीत चित्र देतं, तरी हा हिशेब हाताने एकदा तरी करा. हाताच्या उत्तराशी चित्र जुळत नसेल तर चित्रावर शंका घ्या.

आणखी एक तपासणी कधीच सोडू नका. एका टोकाला घण आणि दुसऱ्या टोकाला जिओफोन, मग त्याचं उलट. दोन्ही वेळा लाटेला तोच वेळ लागला पाहिजे. तो वेगळा आला तर ट्रिगर (ठोक्याचा क्षण यंत्राला कळवणारी कळ) किंवा टिपणी चुकली आहे.

वेग वाचताना माळव्यापुरता माझा ठोकताळा असा. भेगाळलेली काळी माती दोन-चारशे मीटर प्रति सेकंद. मुरूम पाचशे ते हजार. कुजलेला खडक हजार ते दोन हजार. मांजऱ्या, म्हणजे पोकळ्यांनी भरलेला बेसाल्ट, साधारण दोन ते साडेतीन हजार. कसलेला काळा पाषाण चार हजारांच्या पुढे. हजाराच्या खाली पोकलेन सहज खणते, अडीच हजारांच्या वर ब्रेकर नक्की लागतो, मधल्या पट्ट्यात ठेकेदार आणि मालक भांडतात. खोदाईच्या दरासाठी वेग वापरणार असाल तर करारातच लिहा.

आता दोन फसवणुकी. पहिली पाण्याची. पाण्यातून लाट सुमारे १५०० मीटर प्रति सेकंद वेगाने जाते. पूर्ण भिजलेला मुरूमही तोच वेग दाखवतो. म्हणून आलेखात १५०० दिसला की 'कुजलेला खडक' लिहिण्याआधी शेजारच्या विहिरीची पाण्याची पातळी पाहा. दोन्ही खोल्या जुळत असतील तर तुम्ही खडक नव्हे, पाणी मोजलं आहे.

दुसरी जास्त वाईट. अपवर्तनाला खाली वेग वाढत जायला हवा. कडक बेसाल्टखाली तांबडा मऊ थर असेल तर लाट त्याच्या माथ्यावरून परत येतच नाही. पद्धत त्या थराला आंधळी आहे. अहवाल सांगेल 'पाच मीटरपासून टणक खडक', आणि सात मीटरवर दीड मीटर तांबडी माती लपलेली असेल. शिवाय, खाली वेग वाढत असला तरी मधला एखादा पातळ थर कधी पहिल्या लाटांत येतच नाही. म्हणून अपवर्तनाने खडक दाखवला तरी किमान एक बोअर त्या खडकात पाच मीटर खोल न्या. बोअरमधून निघालेले दगडाचे तुकडे पेटीत मांडून, रंग बघून मगच सही करा. अपवर्तनाची भारतीय मानकसंहिता आयएस १५६८१ आहे, ती हाताशी ठेवा.

पृष्ठलाटांचं काम

घणाच्या ठोक्याची सुमारे दोन तृतीयांश ऊर्जा पृष्ठभागावरून लोळत जाणाऱ्या रेले लाटांत जाते. अपवर्तनात त्या गोंगाट ठरतात. १९९९ मध्ये कॅन्ससच्या पार्क, मिलर आणि शिया यांनी त्याच गोंगाटाला कामाला लावण्याची बहुवाहिनी पद्धत मांडली, तिला सगळे एमएएसडब्ल्यू म्हणतात. लांब तरंगलांबीची लाट खोल जाते, आखूड लाट वरच राहते. म्हणून वेगवेगळ्या कंपनसंख्यांचा वेग वेगळा निघतो आणि त्यावरून खोलीप्रमाणे कातर लाटेचा (जमिनीला आडवी हलवत जाणाऱ्या लाटेचा) वेग काढता येतो.

या पद्धतीत मऊ थरावर कडक थर असला तरी काम चालतं, पाण्याचीही फारशी बाधा नाही, कारण पाणी कातर लाट वाहून नेत नाही. अपवर्तनाच्या दोन्ही आंधळेपणांवर हा उतारा आहे. मात्र तपशील जाडाभरडा येतो आणि एका रेषेचं उत्तर हे त्या रेषेखालच्या पट्ट्याचं सरासरी उत्तर असतं.

जिओफोन साडेचार हर्ट्झचे हवेत, अपवर्तनाचे दहा-चौदा हर्ट्झवाले नव्हेत. भाड्याने घेताना पेटी उघडून बघा, मी एकदा फसलो आहे. दीड मीटरवर चोवीस लावले तर लांबी साडेचौतीस मीटर, आणि पंधरा-सतरा मीटरपर्यंतचं उत्तर भरवशाचं. ठोका पहिल्या जिओफोनपासून पाच, दहा, पंधरा मीटरवर मारून बघा आणि ज्याचा आलेख स्वच्छ येईल तो ठेवा. घणाने त्याहून खोल जाणं कठीण. तीस मीटर हवे असतील तर जिओफोन लांब पसरा आणि घण बाजूला ठेवून रस्त्याचा गोंगाट रेकॉर्ड करा. अपवर्तनाला ज्यांनी छळलं ते बायपासवरचे ट्रक इथे कमी कंपनसंख्येच्या लाटा फुकट पुरवतात.

कातर लाटेचा वेग वर्गात घेऊन घनतेने गुणला की जमिनीचा लहान विकृतीचा कडकपणा मिळतो. घनता १८०० किलो प्रति घनमीटर आणि वेग २०० असेल तर तो ७२ मेगापास्कल. यंत्राच्या पायाला हाच आकडा लागतो, पण तो अगदी सूक्ष्म हालचालीपुरता आहे. साध्या पायाच्या बसण्याच्या हिशेबात तो जसाच्या तसा घातला तर खचणं हास्यास्पद कमी निघेल.

भूकंपासाठी वरच्या तीस मीटरमधल्या याच वेगाची सरासरी काढतात, पण ती थेट वेगांवरून नव्हे, वेळांवरून. तीन मीटर १५०, पाच मीटर ३५० आणि बावीस मीटर ९०० वेगाचे असतील तर प्रत्येक थर ओलांडायचा वेळ काढून बेरीज सुमारे ०.०५८७ सेकंद, आणि तीसला तिने भागलं की सुमारे ५१० मीटर प्रति सेकंद. इंदूरला भूकंप कशाला, असं विचारणाऱ्यांना मी २२ मे १९९७ चा जबलपूरचा धक्का आठवून देतो. तो नर्मदेच्याच पट्ट्यातला होता आणि तो पट्टा आपल्या दक्षिणेला फार लांब नाही.

वीज काय सांगते

रोधकतेची पद्धत चार पहारींची आहे. बाहेरच्या दोन पहारींतून विजेचा प्रवाह जमिनीत सोडायचा, मधल्या दोन पहारींमध्ये व्होल्टेज मोजायचं. फ्रँक वेनर यांनी शंभर वर्षांपूर्वी मांडलेल्या रचनेत चारही समान अंतरावर असतात. रोधकता म्हणजे दोन पाय (π) गुणिले ते अंतर गुणिले मोजलेला रोध. अंतर पाच मीटर आणि रोध अर्धा ओहम आला तर १५.७ ओहम-मीटर. अंतर वाढवत गेलात की वीज खोल जाते आणि आकडा खालच्या थरांकडे झुकतो. अर्थिंगसाठी एवढं पुरतं, आयएस ३०४३ मध्ये रीत दिली आहे. खडक शोधायला मात्र चाळीस-पन्नास इलेक्ट्रोडची, म्हणजे पहारींची, आपोआप बदलणारी ओळ लावतात आणि उभा छेद काढतात. रोधकतेच्या पद्धतीची मानकसंहिता आयएस १५७३६.

ओली काळी माती तीन ते दहा ओहम-मीटर, मुरूम पंधरा ते पन्नास, टणक बेसाल्ट शंभरपासून कित्येक शेपर्यंत. तांबडा थर पुन्हा खाली, काळ्या मातीच्या आसपास. म्हणजे अपवर्तनाला न दिसणारा तो थर इथे निदान सावली टाकतो. इथे मी अपवर्तन आणि रोधकता जोडीनेच लावतो, कारण एकीचं अंधत्व दुसरी भरून काढते.

पण विजेचीही खोड आहे. दोन कडक थरांमधल्या पातळ वाहक थराची जाडी आणि रोधकता वेगवेगळी ओळखू येत नाही, फक्त त्यांचा भागाकार कळतो. एक मीटर जाड १० ओहम-मीटरचा थर आणि दोन मीटर जाड २० चा थर, पृष्ठभागावर जवळजवळ सारखेच दिसतात. जाडी ठरवायला बोअर लागतोच. आणि छेदाची खोली ओळीच्या लांबीच्या पाचव्या-सहाव्या हिश्शाएवढी. ६० मीटरच्या भूखंडात दहा-बारा मीटरच्या खाली रंगलेलं जे काही दिसेल ते सॉफ्टवेअरची कल्पनाशक्ती समजा.

प्रत्यक्ष कामात पहारींचा मातीशी संपर्क हा मोठा घोर. उन्हाळ्यात इलेक्ट्रोडपाशी मिठाचं पाणी ओता, दहा मिनिटं मुरू द्या, मग संपर्करोध तपासा. तो दोन किलोओहमच्या खाली आणल्याशिवाय मोजणी सुरू करू नका. पाइप, कुंपणाची तार, शेजारच्या ट्रान्सफॉर्मरचं अर्थिंग हे सगळे विजेला आडवाटा देतात. थर आडवे असतील तर वेनर रचना चांगली, तिचा संकेत जोरकस असतो. विहिरीसारखी उभी गोष्ट शोधायची तर डायपोल-डायपोल, ज्यात प्रवाहाची जोडी आणि मोजणीची जोडी वेगवेगळ्या ठेवतात.

झाकलेल्या विहिरी

३० मार्च २०२३ ला, रामनवमीच्या दिवशी, इंदूरच्या पटेल नगरात मंदिरातल्या बावडीवरचा स्लॅब कोसळला आणि ३६ माणसं गेली. त्यानंतर शहरात जुन्या विहिरींची चौकशी वाढली आणि आमच्याकडेही विचारणा सुरू झाली. यात कोणतं यंत्र लावायचं हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न ती विहीर आता काय आहे: हवेने भरलेली पोकळी, पाण्याने भरलेली की कचरा-मुरुमाने बुजवलेली? हवा असेल तर रोधकता खूप वर जाते. पाणी असेल तर खाली येते. आणि आजूबाजूच्याच मातीने बुजवली असेल तर कधीकधी काहीच फरक दिसत नाही.

पोकळीचा माथा तिच्या व्यासापेक्षा फार खोल असेल तर वरून सापडण्याची आशा कमी. तीन मीटर रुंदीची विहीर दोन मीटरवर असेल तर सापडते, आठ मीटरवर असेल तर नाही. रेषा दीड-दोन मीटरच्या अंतराने समांतर टाकाव्या लागतात, नाहीतर विहीर दोन रेषांच्या मधे राहून जाते.

जमिनीत रेडिओलहर सोडणारं रडार, म्हणजे जीपीआर, इथे सगळ्यांना आधी आठवतं. स्लॅबखालची पोकळी शोधायला ते छान आहे, पण दाट जाळीची सळई असेल तर तिनेच सगळं परावर्तित होतं. ओल्या काळ्या मातीत तर ते जवळजवळ बेकार आहे. माती विजेची वाहक, म्हणून लहर मीटरभराच्या आत मरते. कोणी काळ्या शेतात जीपीआरने सहा मीटर खोली दाखवतो म्हणाला तर त्याला चहा पाजा आणि निरोप द्या.

संशयास्पद जागा सापडली की पुढची पायरी बोअरमशीन नव्हे. पोकळीवर मशीन उभं केलं तर मशीनच आत जाईल. बाजूला भक्कम जागेवर उभं राहून तिरका बोअर घ्या, किंवा हाताने खणलेला खड्डा, कमरेला दोर बांधून.

बोअर आता कुठे

छेद समोर आले की मी भूखंडाच्या नकाशावर तीन रंगांच्या खुणा करतो. जिथे सगळ्या पद्धती एकमत आहेत तिथे एक बोअर, म्हणजे आकड्यांना दगडाचं नाव मिळेल. जिथे त्या भांडतात तिथे दुसरा, हा सर्वात मौल्यवान. आणि जिथे खडकाचा माथा सगळ्यात खोल दिसतो तिथे तिसरा, कारण पाया तिथेच फसतो. इमारतीचे कोपरे आणि खांबांच्या जागा त्यानंतर येतात. आयएस १८९२ मधल्या संख्येहून कमी बोअर घेऊ नका. जिओफिजिक्स केलं म्हणून नियम शिथिल होत नाही.

धोंडा की खडक, हे ठरवायला ठोके नव्हे, कोरिंग करा, म्हणजे दगडाची कांडी कापून वर काढा. एसपीटी थांबली तिथून हिऱ्याच्या बिटने किमान तीन मीटर कांडी काढा. धोंड्याखाली मुरूम आला की बिटचा आवाज बदलतो आणि पाण्याचा रंग तपकिरी होतो. अनुभवी ड्रिलरला ते कान आणि डोळ्यांनी कळतं, त्याच्या शेजारी उभे राहा.

कंपनयंत्रांचे पाये, उंच चिमण्या किंवा पुलाचे खांब असतील तर त्याच बोअरमध्ये पीव्हीसी नळी बसवून डाउनहोल मोजणी (वर ठोका मारून नळीत उतरवलेल्या जिओफोनने लाटेची वेळ टिपणं) करून घ्या. नळी आणि मातीमध्ये सिमेंट-बेंटोनाइटचा ग्राउट नीट भरला पाहिजे, नाहीतर लाट नळीतूनच धावते. क्रॉसहोलला, म्हणजे एका बोअरमधून दुसऱ्यात लाट पाठवून मोजायला, तीनेक मीटरवर दोन-तीन बोअर लागतात, खर्च वाढतो. साध्या इमारतीला नको.

अहवाल हातात घेताना

सर्वेक्षण करणाऱ्याला पैसे देण्याआधी कच्ची नोंद मागा, नुसती रंगीत चित्रं नकोत. पहिल्या लाटांच्या टिपणीचा तक्ता, रोधकतेचे मूळ आकडे, रेषांच्या टोकांचे जीपीएस, मातीची आणि हवामानाची त्या दिवसाची नोंद. सॉफ्टवेअरची चूक पाच टक्क्यांच्या आत आहे म्हणजे उत्तर बरोबर आहे असं नाही. मोजलेल्या आकड्यांशी ते जुळतंय एवढंच, आणि तेवढंच जुळणारी दुसरी चित्रंही असतात. रंगपट्टी सगळ्या छेदांना एकच हवी. एका छेदात लाल म्हणजे पन्नास आणि दुसऱ्यात लाल म्हणजे पाचशे, असं केलेलं मी पाहिलं आहे. मालक बिचारा लाल पाहून घाबरतो.

सीमारेषा जाड रेघेने काढली असेल तर विचारा, ही किती मीटर वर-खाली असू शकते? प्रामाणिक माणूस 'एक मीटर' म्हणेल. 'अगदी बरोबर' म्हणणाऱ्याला बोअरच्या वेळी समोर उभा करा.

पायाचे खड्डे उघडतील तेव्हा छेदाचा छापील कागद घेऊन पुन्हा जागेवर जा. प्रत्येक खड्ड्यात खडकाचा माथा किती खोलीवर आला, तांबडा पट्टा दिसला का, धोंडे किती मोठे, पाणी कुठे पाझरलं, ते पेनने त्याच कागदावर लिहा आणि तारीख घाला. माझ्या कपाटात अशा एकशे चाळीस-एक कागदांची फाइल आहे. पुढच्या जागेसाठी वेगाचे आणि रोधकतेचे आकडे मी आधी त्यातूनच काढतो.